विमानातली पुढची बैठक

गिरगावातला फोटो स्टुडिओ वडिलांनंतर मी चालवला. मुंजी, लग्नाची जोडपी, बारशाची मुलं, पासपोर्टचे चेहरे. सगळी माणसं खुर्चीवर बसलेली किंवा खुर्चीला हात टेकून उभी. हलणाऱ्या वस्तूचा फोटो काढायचा माझा धंदा नव्हता. विमानाचा तर आयुष्यात एकदाच काढला, तोही वहिनीसाठी.

माझा भाऊ माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. लढाईच्या काळात तो वैमानिक झाला आणि ब्रह्मदेशावर त्याचं विमान बेपत्ता झालं. तारेत 'बेपत्ता' असाच शब्द होता. पुढे पत्रं आली, त्यांतही तोच. तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता आणि वहिनी वीस. आई-वडील एकामागून एक गेले आणि घरात आम्ही दोघीच उरलो. मी स्टुडिओ बघायची, ती घर बघायची आणि फोटोंना हाताने रंग द्यायची. तिचं कुंकू आणि मंगळसूत्र जसंच्या तसं होतं. त्यावर आमच्यात कधी बोलणं झालं नाही.

बोलणं काकांनी काढलं. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. हरताळामुळे कचेरी बंद, म्हणून काका सकाळीच येऊन बसले होते.

"बारा वर्षं भरली," ते म्हणाले. "माणूस परागंदा झाला तर शास्त्राने एवढीच वाट बघायची. मग पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, त्याला अग्नी द्यायचा, दहावं-तेरावं करायचं. पौषातली अमावास्या बरी आहे."

वहिनी पोह्यांवर खोबरं घालत होती. ती म्हणाली, "आणि ते परत आले तर?"

"बारा वर्षांत एक कार्ड नाही, सूनबाई. तो तिकडे अधांतरी राहिला असेल, त्याचा तरी विचार कर."

काका दुष्ट नव्हते. पुतळा जळला की त्या दिवसापासून वहिनी विधवा, हे त्यांनाही कळत होतं. ते गेल्यावर वहिनीने दार लावलं.

"वन्सं, मी ह्यांना पाहिलंय. गेल्या वर्षी, चौपाटीवर."

दर हिवाळ्यात एक फ्लाइंग क्लब समुद्रावर विमानांच्या कसरती दाखवायचा. त्यात एक जुनं दुपंखी विमान असे. एकामागे एक दोन उघड्या बैठका, डोक्यावर छप्पर नाही. भाऊ अशाच विमानावर शिकला होता. वहिनीचं म्हणणं असं, की ते विमान खालून गेलं तेव्हा पुढच्या बैठकीतल्या माणसाने मान वळवून तिच्याकडे पाहिलं आणि हात वर केला.

"उन्हात डोळे दिपले असतील," मी म्हटलं.

"असतील. म्हणून म्हणते, फोटो काढा. तुमचा कॅमेरा काही दिपत नाही. त्यात दुसरं कोणी दिसलं, तर काका म्हणतील त्या दिवशी मी कपाळ पुसते."

मला हा सौदा सरळ वाटला. कोणीतरी दुसराच दिसणार याबद्दल मला शंका नव्हती. प्रश्न फक्त तो माणूस फिल्मवर आणायचा कसा, एवढाच होता.

स्टुडिओतला मोठा कॅमेरा तिकाटण्यावरचा. त्यात फोटोची काच घालून होईतो विमान अलिबागला पोचलं असतं. बाहेरच्या कामासाठी माझ्याकडे दोन भिंगांचा चौकोनी कॅमेरा होता. तो पोटाशी धरायचा आणि वरून काचेत बघायचं. त्या काचेत डावं उजवीकडे दिसतं. बसलेल्या माणसासाठी त्याची सवय होते. गच्चीवर जाऊन मी घारींवर सराव केला. घार उजवीकडे निघाली की काचेत ती डावीकडे सरकायची, हात आपोआप डावीकडे जायचा, आणि काचेत नुसतं आभाळ उरायचं. शिवाय त्याचं भिंग बदलता येत नाही. घार मुंगीएवढी. त्यातला चेहरा कुठून दिसणार?

म्हणून दादरला गेले. तिथे एक जुने कॅमेरे विकणारे गृहस्थ होते, वडिलांच्या ओळखीचे. बाहेरून नवा माल येणं जवळजवळ बंद होतं. जे होतं ते लोकांनी वापरून विकलेलं.

"विमानं?" ते म्हणाले. "तुम्ही? लग्नं कमी झाली काय?"

"लग्नातली माणसं एवढ्या वेगाने जात नाहीत. लांबचं भिंग दाखवा."

त्यांनी एक जर्मन कॅमेरा काढला. ज्या भिंगातून फोटो यायचा त्यातूनच बघायचं, आणि वर प्रिझम, म्हणजे उजवं ते उजवंच. त्याला लावायला हातभर लांब भिंग, लष्कराच्या लिलावातून आलेलं. एक खोड त्यांनी आधीच सांगितली. बटण दाबलं की आतला आरसा वर जातो आणि पुढच्या फोटोसाठी किल्ली फिरवेपर्यंत डोळ्याला काळोख.

"म्हणजे ज्या क्षणी फोटो निघतो, तो क्षण फोटो काढणाऱ्याला दिसतच नाही," ते म्हणाले. "बाकी सगळ्या जगाला दिसतो."

माझा चौकोनी कॅमेरा त्यांच्याकडे ठेवून मी तो आठ दिवसांसाठी आणला. वाटेत परळला उतरले आणि गिरणीच्या चिमणीवर बसलेल्या कावळ्याचे सहा फोटो काढले. धुवून पाहिले. मधोमध कावळ्याची चोच स्पष्ट, कडांना पिसं विरघळल्यासारखी. म्हणजे माणूस मधोमध धरायचा. आभाळ गडद दिसायला पिवळी काच लावतात. ती उजेड खाते, म्हणून काढून टाकली. आता राहिला वेग. दादरच्या गृहस्थांनी बजावलं होतं की शटर सावकाश ठेवा, नाहीतर विमानाचा पंखा फोटोत थांबलेला दिसतो आणि विमान मेल्यासारखं वाटतं. पण मला पंखा नको होता, चेहरा हवा होता. मी पाचशेवर ठेवलं, म्हणजे सेकंदाचा पाचशेवा भाग.

कसरतींच्या दिवशी चौपाटीवर सभा होती, म्हणून आम्ही वरळी कोळीवाड्यात गेलो. विमानं किनाऱ्याकिनाऱ्याने येणार होती. किल्ल्याच्या बाजूला मासळी वाळत घातली होती, तिथल्या एका कट्ट्यावर मी कोपरं टेकली. वाटेत हवालदाराने अडवून भिंगाची नळी दोन्ही बाजूंनी डोळ्याला लावून पाहिली होती. कट्ट्यावर बोंबील उलटे करत बसलेल्या म्हाताऱ्या कोळणीलाही तीच शंका.

"बंदूक हाय का काय गो ती?"

"फोटोची आहे, मावशी."

"मंग माझा काढ. इमानाला काय, तोंड हाय?"

वहिनी हसली नाही. ती चपला काढून कट्ट्यावर उभी होती.

आधी लढाऊ विमानं गेली. कानठळ्या बसल्या, कावळे उठले. मग बराच वेळ काही नाही. मग ते दुपंखी आलं, शिवणयंत्रासारखा आवाज करत, इतकं खालून की वाळणीच्या काठ्या थरथरल्या. मी पुढची बैठक मधोमध धरली. भिंगात ती मला रिकामी दिसली. नक्की सांगते, मला तिथे कोणी दिसलं नाही. मी बटण दाबलं आणि डोळ्यापुढे काळोख झाला. किल्ली फिरवेपर्यंत विमान माहीमकडे वळलं होतं.

"हात केला त्यानं," कोळीण म्हणाली.

"कोणी?" मी विचारलं.

"म्होरच्यानं. मागचा बसलाय खांबावानी." आणि ती पुन्हा बोंबील उलटे करू लागली.

वहिनीने चपला पायात घातल्या आणि ती घराकडे निघाली.

दुसऱ्या दिवशी फिल्म धुतली. लालबागच्या बाजूला मोर्चा होता, गिऱ्हाईक येणार नव्हतं, म्हणून सकाळीच अंधारखोलीत शिरले. पुढच्या बैठकीत खसखशीच्या दाण्याएवढं डोकं होतं. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं, चेहरा काळा आणि डोळे पांढरे. आयुष्यभर तेच बघत आले होते, तरी त्या दाण्याकडे मला फार वेळ बघवेना. पहिला कागद पोस्टकार्डाएवढा केला. डेव्हलपरच्या ताटलीत आधी पंख आले, मग थांबलेला पंखा, मग तो. चष्मा कपाळावर चढवलेला, डावा खांदा किंचित वर, हात अर्धा उचललेला. मी ओळखलं असं म्हणणार नाही. पण चिमट्याने कागद उचलायला मला उशीर झाला आणि तो काळवंडून गेला. असं नवशिक्यांचं होतं, माझं कधी झालं नव्हतं.

दुसरा कागद नीट निघाला. मग तिसरा, मोठा केला. मोठ्यात नुसते दाणे. नाक कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं, कळेना. जितकं जवळ जावं तितका तो कमी होत होता. लहान फोटोत मात्र तो होता.

मला पुढच्या बैठकीतल्या माणसाचं नाव हवं होतं. नाव मिळालं की प्रश्न मिटला. दोन्ही फोटो घेऊन मी जुहूला क्लबावर गेले. तिथल्या वयस्क मेकॅनिकने हात पुसले आणि फोटो कडेने धरला.

"हे विमान एकट्याने उडवायचं तर मागच्या बैठकीतून उडवतात, बाई. तोल राहतो. त्या दिवशी पुढे कोणी नव्हतं. पट्टे लोंबू नयेत म्हणून मीच बांधून टाकले होते."

"मग हे काय आहे?"

"पुढच्या काचेवर ऊन पडलं असेल."

"आणि हात?"

त्याने दोन्ही फोटो मला परत दिले, पालथे घालून. "काचच असेल," तो म्हणाला. "पुन्हा आणू नका."

परतताना मी ठरवलं. बैठक रिकामी होती हे खरं आहे, तेच सांगायचं. फोटो दाखवायचा नाही. पण घरी पोचले तर तो पहिला, काळवंडलेला कागद वहिनीच्या हातात होता. तो मी कचऱ्याच्या बादलीत टाकला होता. तिने फोटो रंगवायचं भिंग डोळ्याला लावलं होतं आणि त्या काळपटातही तिला दिसत होतं. मग मी पिशवीतला चांगला लहान फोटो काढून दिला. लपवण्यात अर्थ नव्हता.

तिने तो बराच वेळ पाहिला. रंग देताना बघायची तसाच, कपाळापासून खाली.

"हेच आहेत," ती म्हणाली.

मी वाट पाहिली.

"बघा ना, वन्सं. गालाला एक सुरकुती नाही. मला चष्मा लागला, दोन दाढा काढल्या. तुमचे केस कानावर पांढरे झाले. हे जसे गेले तसेच आहेत. जिवंत माणूस असा राहत नाही."

"वहिनी, ती बैठक रिकामी होती. तिथला माणूस सांगतो, त्याने स्वतः पट्टे बांधले होते."

"हो," ती म्हणाली. "मी तेच म्हणतेय."

तिने फोटो माझ्या हातात दिला आणि काकांना अमावास्येचा निरोप धाडायला सांगितलं.

विधी बाणगंगेवर झाला. वहिनी पायऱ्यांवर मागे बसली होती. गुरुजींनी पळसाची पानं दर्भाने बांधून माणूस केला आणि गेलेल्याचं वय विचारलं. काकांनी बोटांवर मोजून छत्तीस सांगितलं.

"चोवीस," वहिनी मागून म्हणाली.

काका वळून तिच्याकडे बघत राहिले. गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, चोवीस धरा.