हानबाईंच्या टीव्हीशेजारचं लाटणं

एका सज्जन माणसाचं कपाळ मी लाटण्यानं फोडलेलं आहे, हे आधीच सांगून टाकते. तेव्हा मी जेमतेम पन्नाशीची, म्हणजे अक्कल यायची होती. कतारला, दोह्यातल्या अल मुंतझा भागात आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक कोरियन जोडपं नुकतंच राहायला आलेलं. शुक्रवारची दुपार, आमचे हे जुम्म्याला गेलेले, मी चपात्या लाटत होते. समोरून धाडकन आवाज, मग बाईची किंकाळी, पुन्हा धाड... आंबवलेल्या कोबीचा वास जावा म्हणून त्यांचं दार उघडंच असायचं. बघते तर नवऱ्यानं बायकोचे केस मुठीत धरलेले आणि तिला फरफटत आणून भिंतीवर आपटलेलं. मी दिलं ठेवून. लाटण्याची एक मूठ तुटून उडाली, मिस्टर हान रक्ताळलेलं कपाळ धरून खाली बसले, आणि जमिनीवरची बाई उठून माझ्यावरच डाफरली, की ऐन पडताना मध्ये का कडमडलीस. हे घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "तुझा व्हिसा माझ्या नावावर आहे, हे तरी लक्षात ठेवायचंस."

त्या हानबाई काही आठवड्यांपूर्वी गेल्या. बाथरूममध्ये पाय घसरला, डोकं नळावर आपटलं, खलास. आयुष्यभर पडण्याची मजुरी घेतली आणि शेवटी फुकट पडली, असं मी मोठ्यानं बोलून गेले, आणि मग मलाच रडू आवरेना...

हानबाई तिकडच्या सिनेमांत नायिकांच्या जागी मार खायच्या. काचा फोडून उड्या, पेटते कपडे, सगळं. एका सिनेमात नवरा बायकोला केस धरून दगडी जिन्यावरून फेकतो. चेहरा नायिकेचा, अंग हानबाईंचं. दिग्दर्शकाचं समाधान होईपर्यंत त्यांना फेकत राहिले. शेवटच्या खेपेला खांद्याचं हाड कातडी फाडून बाहेर आलं, आणि तीच खेप सिनेमात ठेवली. नायिकेला त्यांच्या देशाचं मोठं बक्षीस मिळालं. तिनं मंचावरून आईचे आभार मानले, कुत्र्याचेसुद्धा मानले. हानबाईंचं नाव नाही. तेव्हापासून दरवर्षी त्या समारंभाच्या दिवशी बाई एकदा तशाच पडायच्या, नवरा बिचारा केस धरायला. मी लाटणं हाणलं ते अशाच एका दिवशी. मग काळा रेशमी झगा घालून टीव्हीसमोर बसायच्या. तिकडे संध्याकाळ, इकडे आमची दुपारच्या जेवणाची वेळ.

एवढा संताप, तर बघता कशाला, असं मी चिडवायचे. त्यांनी सांगितलं, एके काळी सरकारच सिनेमे कापायचं आणि सरकारच बक्षिसं वाटायचं. बक्षीस मिळालं की परदेशी सिनेमा आणायचा परवाना मिळे, म्हणून निर्माते एकमेकांच्या नरडीला लागत. पुढेही परीक्षकांवर आरोप झाले, रुसवेफुगवे झाले. "तरी ऑन्नी," त्या म्हणाल्या, मला थोरली बहीण मानायच्या ना, "आमच्या सिनेमाला कुणी विचारत नव्हतं, तेव्हाही हा मंच होता. तिथं नाव घेतलं तर तू होतीस. नाही घेतलं तर नव्हतीस."

माझं तुटकं लाटणं त्यांनी धुऊन टीव्हीशेजारी उभं केलं होतं. म्हणायच्या, हे माझं बक्षीस. मला वाटे, टोमणा मारतायत. माहेरचं शिसवी लाटणं म्हणून मी शहाणी ते परत मागत बसले.

गेल्या शुक्रवारी यंदाचा समारंभ होता, तर मिस्टर हान दारात आले. "यल्ला आपा, चलो, शुरू होता." मी बाईंच्या खुर्चीत बसले. जुन्या गाजलेल्या प्रसंगांची झलक दाखवत होते, आणि तो जिना आला. त्या फेकल्या गेल्या, आपटल्या, खांदा वाकडा झाला... सगळं सभागृह उठून टाळ्या वाजवायला लागलं. ती नायिका, आता पांढऱ्या केसांची, मंचावर आली, वाकली, रडली. आता तरी हानबाईंचं नाव घेईल म्हणून मी कान टवकारले. तिनं दिग्दर्शकाचं नाव घेतलं, कॅमेरावाल्याचं घेतलं, आणि खाली उतरली.

माझ्या तोंडून जी शिवी गेली ती पुरवणीत छापता येणार नाही. लाटण्याकडे हातही गेला होता. पण मिस्टर हाननी टीव्ही बंद केला, लाटणं उचलून माझ्या ओटीत ठेवलं, कपाळावरच्या जुन्या खुणेवरून बोट फिरवलं, आणि बांधकामाच्या साइटवर शिकलेल्या हिंदीत म्हणाले,

"सब लोग ताली बजाया, आपा. बचाने सिर्फ तुम आया."