रोजचं पान आणि पवईचे मासे

माझ्या सासूबाई खोटं बोलत नसत. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बाई दारात आली, तर "घरात काही नाही गं" म्हणण्याआधी त्या फडताळ उघडून खात्री करून घेत. अशा बाईला माझ्या लिहिण्यापायी एकदा खोटं बोलावं लागलं, आणि ते थेट पवईच्या तळ्यापर्यंत गेलं.

त्या वर्षी यांच्या छातीत पाणी झालं होतं. आम्ही अंधेरीला, चाळीच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत राहत होतो: हे, मी आणि सासूबाई. डॉक्टरांनी पाणी काढलं, औषधं लिहून दिली आणि सांगितलं, आता खरं औषध म्हणजे पडून राहणं. तेही काही महिने. उठायचं नाही, जिना उतरायचा नाही, बोलायचं कमी. मी त्याच संध्याकाळी तीन याद्या केल्या. एक औषधांच्या वेळांची, एक पथ्याची आणि एक यांनी काय काय करायचं नाही त्याची. तिसरी सर्वांत लांब झाली. ती मी पलंगासमोरच्या भिंतीवर चिकटवली. हे ती शांतपणे वाचून म्हणाले, "यात 'श्वास घेणे' राहून गेलंय."

हे एका कचेरीत हेडक्लार्क. यांना पडून राहायला सांगणं म्हणजे वाहत्या नळाला थांब म्हणण्यासारखं होतं. वर्तमानपत्र मला पहिल्याच आठवड्यात बंद करावं लागलं, कारण हे ते वाचत नसत, त्याच्याशी भांडत. प्रत्येक बातमीला मोठ्याने उत्तर, आणि प्रत्येक उत्तराला खोकला. एका सकाळी मी रेशनच्या रांगेत असताना यांनी कोट चढवला आणि "जरा कचेरीत डोकावून येतो" म्हणून निघाले. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसलेले सापडले. पुन्हा ताप, पुन्हा पाणी, पुन्हा ती लांब सुई. डॉक्टरांनी मला गॅलरीत नेऊन सांगितलं, "बाई, यापुढे हे असे उठले तर माझ्या हातात काही राहणार नाही. यांना झोपवून ठेवा. कसं, ते तुमचं तुम्ही बघा."

मी बघितलं. म्हणजे यादी केली. पत्ते, रेडिओ, जुनी मासिकं, भाचरांना बोलावणं. शेजारच्या रेडिओचा यांना राग होता, पत्त्यांत हे स्वतःशीच हरून चिडत, भाचरं आली की यांना मास्तरकी सुचे. एकेक नाव खोडत मी तळाला आले.

मला लग्नाआधीपासून रोज एक पान लिहायची सवय होती. दुपारी ओटा पुसून झाला की चहापर्यंतच्या वेळात. त्यात थोर काही नसे. आज कोण काय म्हणालं, कुठे काय घडलं, एवढंच. कागद यांच्याच कचेरीतले पाठकोरे, एका बाजूला काहीतरी छापलेले आणि रद्दीत निघालेले. दुखणं आल्यापासून मी लिहिणं बंद ठेवलं होतं, कारण आजारी माणसाच्या घरात बाईने कागद-लेखणी घेऊन बसणं मला जरा चैनीचं वाटायचं. पण हे रोज विचारत, "बाहेर काय चाललंय?" तोंडी सांगायला गेलं की प्रश्न सुरू. "कोण म्हणालं? कोणासमोर? त्यावर तू काय म्हणालीस? अगं, असं म्हणायला हवं होतं!" की खोकला. एका दुपारी मी वैतागून सगळं लिहूनच काढलं आणि दिवेलागणीला वाचून दाखवलं.

यांनी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. तोंडी गोष्टीवर वाद घालता येतो, पण कागदावर आलेली गोष्ट शेवटपर्यंत ऐकून घ्यायची असते, ही कचेरीतली शिस्त यांच्या हाडात मुरली होती. वाचून झाल्यावर म्हणाले, "ठीक आहे. उद्याचं?"

मग आमचा करार झाला. मसुदा अर्थात यांचाच. रोज दिवेलागणीला, सासूबाई आत देवापुढे बसल्या की, एक पान. ते मिळालं तर हे दुसऱ्या दिवशी दिवेलागणीपर्यंत निमूट पडून राहणार. नाही मिळालं तर उठणार. मी मान्य केलं. डॉक्टरांच्या बाटल्यांनी जे होत नव्हतं ते पाठकोऱ्या कागदाने होऊ लागलं.

अडचण एकच होती. समाचाराला येणारी माणसं.

आजारी माणसाला भेटायला यावं, हे मला मान्य आहे. पण आमच्याकडे लोक यांना भेटायला येत आणि यांना झोप लागलेली पाहून मला भेटत. त्यांत पहिला नंबर शेजारच्या काकूंचा. काकू मूळच्या मालवणकडच्या, मनाने सोन्यासारख्या, आणि आवाजाने भजनी मंडळाच्या पुढारी. रोज दुपारी एक नवा काढा घेऊन येत. "झोपलेत? झोपू देत गो, मी बसते ते उठेपर्यंत." मग त्यांच्या दिरालाही असंच छातीचं दुखणं झालं होतं, त्याची कथा सुरू. ती कथा रोज थोडी वेगळी असे. दीर मात्र रोज मरे. मग चहा. काकू उठत तेव्हा दिवे लागायला आलेले असत, आणि मी चुलीवर भात ठेवून, त्याकडे एक डोळा ठेवून, कसंबसं अर्धं पान ओढत असे. हे ऐकून म्हणत, "आज माल कमी आहे." आणि पाय पलंगाखाली सोडून चपला चाचपत.

त्या चपला मी आणि सासूबाईंनी बघितल्या. मी त्या उचलून ट्रंकेमागे टाकल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून लिहीत होते. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. काकू काढ्याचं भांडं घेऊन आत आल्या. "काय गो, कसले हिशेब चाललेत?"

मी मान वळवायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "जप लिहितेय ती. नवऱ्यासाठी. मध्ये बोलायचं नसतं."

काकूंनी भांडं जमिनीवर ठेवलं, माझ्या पाठीला नमस्कार केला आणि चवड्यांवर बाहेर गेल्या. संध्याकाळपर्यंत सगळ्या चाळीला कळलं होतं. दुसऱ्या दुपारपासून आमच्या दारावरून जाणारी मुलंही कुजबुजत जाऊ लागली. खालच्या मजल्यावरच्या एका बाईंनी शाईची नवी बाटली पाठवली. इतकी शांत दुपार मला माहेरीसुद्धा मिळाली नव्हती.

"आई, सरळ सांगायचं ना, लिहितेय म्हणून," मी म्हटलं.

"लिहितेय म्हटलं की लोक बसतात. जप म्हटलं की उठतात."

पण त्या संध्याकाळी त्यांनी चहा घेतला नाही. रात्रीचं जेवणही चिमणीएवढं. देवाचं नाव खोट्याला लावलं हे त्यांना खुपत होतं. मी व्यवहार्य बाई आहे. मी म्हटलं, "आई, पानाच्या वर मी रोज 'श्रीराम' लिहीत जाईन. मग तुमचं खोटं होणार नाही, फार तर थोडं कमी पडेल." त्यांनी विचार केला. "मन लावून लिही म्हणजे झालं," त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी नीट जेवल्या.

असे बरेच आठवडे गेले. हे पडून राहिले. वजन वाढू लागलं. डॉक्टर माझ्या याद्यांचं कौतुक करत, आणि मी करू देत असे.

मग एका सकाळी काकू डबा घेऊनच आल्या. त्यात मळलेली कणीक होती. लिहिलेला जप नुसता घरात ठेवायचा नसतो, नावं कापून कणकेच्या गोळ्यांत भरून माशांना घालायची असतात, हे मला ठाऊक होतं, पण माझ्या कुठल्याच यादीत नव्हतं. "आज दिवस चांगलो आसा. पवईक जाऊया. भजनी मंडळातल्या चौघीजणी खाली उभ्या आहेत. काढ गो तुझे कागद!"

माझ्या कागदांत काकूंचे काढे होते. त्यांचा दीर होता, निरनिराळ्या तऱ्हांनी मेलेला.

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी शिवणाच्या डब्यातली कात्री घेतली, कागदांचा गठ्ठा मांडीवर ओढला, काकूंकडे पाठ केली आणि प्रत्येक पानाच्या माथ्यावरची पट्टी कापायला सुरुवात केली. शिंप्याच्या वरताण सफाईने. 'श्रीराम' एका बाजूला, आम्ही सगळे दुसऱ्या बाजूला. पट्ट्या वाटीत घालून त्यांनी पुढे केल्या.

काकूंनी वाटीत बोट फिरवलं. "एवढोच?"

"रोज एकच," सासूबाई म्हणाल्या. "पण मन लावून."

शब्द न् शब्द खरा होता.

घरी कोणीतरी राहायला हवं, म्हणून सासूबाई थांबल्या आणि मला जावं लागलं. निघण्याआधी मी त्यांच्यासाठी यादी केली: औषध, मोसंबी, ताप बघणे, आणि सर्वांत खाली 'पान'. त्याच्यापुढे काय लिहावं ते सुचेना. मी दुपारी परत येईन असं धरून तिथे काहीच लिहिलं नाही.

मरोळपर्यंत बस मिळाली, पुढे चालत. काकू वाटभर भजन म्हणत होत्या आणि एकही कडवं गाळत नव्हत्या. तळ्याकाठी बसून आम्ही पट्ट्यांच्या गोळ्या केल्या. काकूंनी एक पट्टी उलटी धरून पाहिली. मागे 'किरकोळ रजेचा अर्ज' असं छापलेलं होतं.

"ह्या काय गो?"

"पाठकोरे आहेत, काकू. कोरा कागद कुठे परवडतो?"

"असू दे. रामाक चलता." आणि त्यांनी तो अर्ज माशांना मंजूर करून टाकला.

मासे आले, गोळ्या संपल्या. काकूंना मात्र माशांसमोर निदान एक आरती व्हायला हवी होती. मग बरोबर आणलेला चिवडा. मग एकीची चप्पल तुटली. ऊन पिवळं पडायला लागलं तेव्हा आम्ही अजून बसची वाट पाहत होतो, आणि मला तळ्याऐवजी यांचे पाय दिसत होते, पलंगाखाली चपला शोधणारे. चपला ट्रंकेमागे होत्या. पण बूट दारातच होते. बूट लपवायचं मला सुचलं नव्हतं. मी काकूंना म्हटलं, "काकू, मला आधी पोचायला हवं." त्या म्हणाल्या, "घाबरू नको गो, आता राम बघतलो त्यांच्याकडे." मी मनात म्हटलं, रामाला करार कुठे माहीत आहे.

चाळीचा जिना मी जवळजवळ पळत चढले. गॅलरीत दिवा लागलेला होता. आतून सासूबाईंचा आवाज येत होता, पोथी वाचतात त्या सुरात. त्यांना अक्षरओळख पोथीपुरतीच होती. बोट ठेवून, हेल काढून वाचत. मला वाटलं, यांना बरं नाही म्हणून पोथी काढली. मग शब्द ऐकू आले.

"आ-णि मग आ-ई न-ळा-ला म्हणा-ल्या, अ-रे मे-ल्या, ये-णार आ-हेस की मी दु-सऱ्या का-माला ला-गू..."

हे पलंगावर आडवे होते. तोंडावर टॉवेल दाबलेला, डोळ्यांतून पाणी, अंग गदगदत होतं. खोकला नव्हता. हसत होते. एक बूट पायात होता, दुसरा पलंगाशेजारी.

"उठला होता," सासूबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "एक बूट घातलान. म्हटलं, थांब, पान आहे. जुनं आहे, पण तू कुठे ऐकलंस माझ्या तोंडून?" मग त्यांनी चष्म्यावरून मला न्याहाळलं. "हे माझ्यावर लिहिलंयस होय?"

"हो, आई."

"चूक आहे."

मी वाकून कागदात पाहिलं.

"नळाला मी मेल्या कधी म्हटलं नाही. मुडद्या म्हणते. लिहायचं तर नीट ऐकून लिहावं."

"दुरुस्त प्रत दाखल करा," टॉवेलातून आवाज आला.

मी यांच्या पायातला बूट काढला. सासूबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या. "मी भात टाकते. तू आजचं लिही. तळ्यावर काय झालं ते ऐकायचंय मला." मी थकले होते, पायांना माती होती, पण बसले. त्या दिवशीचं पान दोन पानांचं झालं, आणि यांनी मालाची तक्रार केली नाही.

काही आठवड्यांनी डॉक्टरांनी यांच्या छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, "जा आता, कोणाशी भांडायचं ते कचेरीत भांडा." भिंतीवरची यादी मी काढून टाकली. सोमवारी हे डबा घेऊन कामावर गेले.

त्या दुपारी मी लिहायला बसले नाही. तुंबलेल्या कामांची यादी केली: गोधड्या धुणे, बरण्या उन्हात ठेवणे, ट्रंका काढणे. पान कोणासाठी लिहायचं? ज्यांना झोपवून ठेवायचं होतं ते आता उभे होते. गोधड्या धुवून झाल्या, बरण्या झाल्या. मी यादीवर काट मारत गेले आणि नेहमीसारखं समाधान काही वाटेना.

दिवेलागणीला सासूबाईंनी दिवा लावला, देवापुढे हात जोडले आणि यांच्या रिकाम्या पलंगावर मांडी घालून बसल्या. "हं. वाच."

"आज लिहिलं नाही, आई. हे बरे झाले ना आता."

"तो बरा झाला म्हणून मी काय भिंतीकडे बघत बसू?"

मी कागद घेतला. तेवढ्यात हे आले. दारात बूट काढता काढता कचेरीत कोणी काय घोळ घालून ठेवलाय ते सांगायला लागले. मोठ्याने आणि न खोकता. सासूबाईंनी पलंगावरूनच हात वर केला.

"गप्प बस जरा. ती लिहितेय."