तांतेची बेटं

बालीला निघालेल्या माणसाला वाटेत अडवून मालुकूला वळवणारी एकच बाई मी पाहिली, ती म्हणजे आमची तांते. नेदरलँड्समधल्या टिलबर्गला शिकत असताना मी तिच्या माडीवरच्या खोलीत भाड्याने राहायचो. तांते म्हणजे मावशी. अख्खी गल्ली तिला तेच म्हणायची. इंडोनेशियाच्या पूर्वेला मालुकू नावाचा बेटांचा प्रांत आहे, तो तिचा. "बालीला काय, सगळं जग जातं," असं म्हणून ती नाक मुरडायची. "माझ्याकडे जा."

तिच्याकडे काय काय आहे हे ऐकायला मात्र खुर्ची ओढून बसावं लागे. बांदा बेटांतला ज्वालामुखी म्हणे थेट समुद्रातून वर आलेला. उन्हं तापायच्या आत माथा गाठायचा. त्याचा लाव्हा जिथे पाण्यात उतरला, तिथेच आता पोवळी दाट वाढलीत. अंबोनच्या एका गावात झऱ्याच्या डोहात मांडीएवढे वाम मासे आहेत, पाण्यावर टिचक्या मारल्या की कपारीतून येऊन हातातलं अंडं खातात. केई बेटांवरची वाळू मैद्यासारखी. मध्येच ती माझ्या नाकाशी जायफळ धरायची. "तुमच्या मिठाईत घालता ना? आमच्या झाडाचं आहे, विसरू नका!" माझ्या वर्गातलं एक जोडपं तिचं ऐकून खरंच गेलं. परत आल्यावर तिच्या पाया पडायचेच काय ते बाकी होते.

ती स्वतः मात्र एकदाही गेली नव्हती. हे कळलं तेव्हा मी चाटच पडलो. तिचे वडील योसेफ डचांच्या फौजेत होते. इंडोनेशिया स्वतंत्र झाल्यावर त्यांना बोटीने इथे आणलं, थोड्या महिन्यांसाठी म्हणून. तांतेचा जन्म इथल्या बराकीतला. मालुकूचं आपलं वेगळं राज्य होईल तेव्हा मानाने परत जाऊ, व्हिसा मागून पाहुण्यासारखं जायचं नाही, असं वडील म्हणायचे. वाट बघता बघता ते गेले. लेकीने त्यांचा शब्द धरून ठेवला. "बाबांचं मोडता येत नाही," एवढंच म्हणून ती विषय बदलायची. पण त्या जोडप्याचे फोटो तिने पुन्हापुन्हा मागून पाहिले होते, आणि आता गुडघेही कुरकुरायला लागले होते.

माझ्या पदवीदानाला आई पुण्याहून आली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी पहिल्याच दिवशी आईने चक्का फेटला आणि तांतेने त्यावर जायफळ किसलं. मी मधे बसून दुभाष्याचं काम करत होतो. सगळी हकिकत ऐकल्यावर आईने वाटी खाली ठेवली.

"त्यांना सांग, माहेरी जाणारी बाई पाहुणी नसते. आणि घर कुणाच्या ताब्यात आहे ते बघून कुणी माहेरी जातं का? माझं भावजयीच्या ताब्यात आहे. मी जातेच ना!"

'माहेर' समजावताना मला घाम फुटला. तांते आधी खूप हसली. मग स्वच्छच असलेलं टेबल पुसत बसली. आठवड्याभराने तिने मला हळूच विचारलं, "गुडघ्याला बांधायची पट्टी कुठली चांगली रे?"

ती निघाली तोवर माझं लग्न झालं होतं आणि मी नोकरीसाठी हेगजवळच्या रायस्वाइकला आलो होतो. एका सकाळी तिचा व्हिडिओ कॉल आला. मागे निळाभोर समुद्र, आजूबाजूला बायामुलांचा गराडा आणि मधोमध रडून रडून लाल झालेली तांते. ज्वालामुखी पाहिलास का, विचारलं, तर म्हणाली, "तो कुठे पळून चाललाय! अजून निम्मी घरं व्हायचीत."

वडिलांच्या गावी येतेय असं तिने कुणालाच कळवलं नव्हतं. आपण कोण, कुणाची मुलगी, हे तिथल्या भाषेत सांगायचं म्हणून वाक्यं पाठ करून गेली होती. धक्क्यावर चटईवर लवंगा वाळत घालणाऱ्या एका जख्ख म्हातारीने तिला उतरताना पाहिलं, आणि लवंगा तशाच टाकून ती गावाकडे तोंड करून ओरडली, "अगं बायांनो, योसेफची पोर आली!"

हे सांगताना तांतेची मान जशी ताठ झाली, तशी मी कधी पाहिली नव्हती. मला तिचा इतका अभिमान वाटला की बायकोला हाका मारून फोनपुढे आणलं. तांते मात्र एकच वाक्य पुन्हापुन्हा म्हणत होती.

"मी कोण, ते मला कुणी विचारलंच नाही रे."