निळ्या पडद्यावर अडकलेलं मशीन

माझ्या टेबलावरून सुरू न होता परत गेलेला कॉम्प्युटर शोधायला निघालात, तर तुमचा वेळ फुकट जाईल. ही बढाई वाटत असेल तर वाटू द्या. ग्वाल्हेरला शिंद्यांच्या छावणीत रस्त्याला लागून एक खोली भाड्याने घेऊन मी दुरुस्तीचं काम सुरू केलं, तेव्हा बाईमाणूस मशीन काय दुरुस्त करणार म्हणून हसणारे पुष्कळ होते. त्यांचीच मशीनं पुढे रिक्षात घालून माझ्याकडे आली. दाल बाजारातल्या व्यापाऱ्यांची मशीनं तर मी वासावरून ओळखायची. कव्हर काढलं की आत पंख्यावर डाळीची पिवळी धूळ बसलेली. ती झटकली की निम्मे आजार जागच्या जागी बरे व्हायचे. उरलेल्या निम्म्यांना डोकं लावावं लागायचं आणि ते मला देवाने बरं दिलेलं आहे.

छत्तीसगड वेगळं व्हायचं ठरलं, त्या वर्षीची ही गोष्ट. राज्याचे दोन भाग म्हणजे सरकारी खात्यांचे दोन भाग, आणि त्यातल्या माणसांचीही वाटणी. माझे मिस्टर अशाच एका खात्याच्या ग्वाल्हेरच्या कचेरीत बाबू होते. आमच्यासारख्या घरांना हे नवीन नव्हतं म्हणा. आम्ही मूळचे दख्खनचे, शिपाईगिरी करत इकडे आलेले. संस्थान विलीन झालं तेव्हा माझ्या आजोबांची पलटण मोडली आणि त्यांना बिस्तर बांधून दुसऱ्या मुलखात जावं लागलं. पुढे मध्यप्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली, आणि सासऱ्यांची कचेरी टेबलखुर्च्यांसकट तिकडे उचलली गेली. सरकारने नकाशाला हात लावला की आपली ट्रंक माळ्यावरून खाली येते, असं सासूबाई म्हणायच्या. आता पाळी आमची होती.

कचेरीतून रायपूरला कोण जाणार, हे नोकरीतल्या ज्येष्ठतेवरून ठरत होतं. सगळ्यात खालचे जाणार. आधी यादी झाली तिच्यात काकूंचं नाव होतं. काकू म्हणजे आमच्यासारख्याच मराठी, जुन्या उपाध्यांच्या घरातल्या. त्यांचे यजमान त्याच कचेरीत होते, ते नोकरीत असतानाच वारले आणि त्यांच्या जागी काकू लागल्या. त्यामुळे वयाने मोठ्या, पण कागदावर सगळ्यांत धाकट्या. मुलगी गोरखीच्या शाळेत दहावीला, आणि घरी अंथरुणाला खिळलेली सासू. यादीत नाव आलं त्या दिवसापासून बाई जेवल्यात असं वाटेना. मग वरून हुकूम आला की विधवा बायकांना हलवू नका, त्यांच्या वरचा माणूस घ्या. त्यांच्या वरचे म्हणजे माझे मिस्टर.

नवी यादी कॉम्प्युटरवर तयार झाली, पण छापायची राहिली. मध्ये दसऱ्याच्या सुट्ट्या आल्या. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी दुपारच्या गाडीने माणूस यादी घेऊन भोपाळला जाणार होता, आणि नेमकं त्याच सकाळी मशीन सुरू होईना. अख्ख्या कचेरीत ते एकच मशीन. साहेबांनी सांगून टाकलं, गाडीच्या वेळेपर्यंत सुरू झालं नाही तर टाईप केलेली जुनी यादीच जाईल, दुरुस्ती नंतर अर्ज करून होईल. सरकारात 'नंतर' म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगायला नको. तोवर काकूंची मुलगी दहावी देऊन मोकळी झाली असती आणि सासू बहुधा सुटली असती.

थोडक्यात, मशीन सुरू झालं तर मिस्टर रायपूरला, आणि नाही झालं तर काकू. आणि ते सुरू करायला बोलावलं कोणाला? मला!

मिस्टर स्कूटर घेऊन खोलीच्या दाराशी आले. मी मागे बसले. छावणीच्या गर्दीतून बाहेर पडलो.

"अहो, नवी यादी त्यातच आहे ना?" मी विचारलं.

"त्यातच आहे."

"आणि मी ते सुरू करायचं."

"तुला येतं म्हणून बोलावलंय," ते म्हणाले. एवढंच. हा माणूस जन्मात कधी दोन वाक्यं एका दमात बोलला नाही.

कचेरीत गेले तर मशीनभोवती जत्रा जमलेली. ज्यांच्याकडून ते विकत घेतलं त्यांचा माणूस सकाळीच येऊन मदरबोर्ड गेला, दिल्लीला पाठवावं लागेल, असं सांगून चहा पिऊन गेला होता. बडे बाबूंचं, म्हणजे हेडक्लार्कचं, निदान वेगळं. "मॅडम, वायरस है. पक्का वायरस है," ते म्हणाले. मी त्यांना विचारलं, वायरस पाहिलाय का कधी? ते म्हणाले, देखा तो नहीं, सुना है. मी सगळ्यांना बाहेर काढलं. माझ्या कामात मला गर्दी खपत नाही. मिस्टर तेवढे दाराशी उभे राहिले.

बटण दाबलं. पंखा फिरला, दिवे लागले, मशीन एकदा 'टीं' करून बोललं आणि पडद्यावर निळा तक्ता उघडला. तारीख, वेळ, कुठली डिस्क आधी वाचायची, असल्या सगळ्या मशीनच्या पोटातल्या गोष्टी. त्यातून बाहेर पडले की मशीन बंद होऊन परत सुरू व्हायचं आणि परत तोच निळा तक्ता. घराच्या उंबऱ्यावर येऊन परत परत मागे फिरणाऱ्या पाहुण्यासारखं.

मला लगेच बरं वाटलं. ज्याचा मदरबोर्ड गेलाय ते मशीन इतकं नीट बोलत नाही. तरी शिस्त म्हणून उघडलं. आतल्या पट्ट्या काढून, पुसून परत बसवल्या, तारा दाबून पाहिल्या. सगळं ठणठणीत. तक्ता तसाच. मग मी हात बाजूला ठेवले आणि विचार केला. हा तक्ता आपोआप उघडत नाही. मशीन सुरू होताना क्षणभर खाली एक ओळ येते, सेटअपमध्ये जायचं असेल तर डिलीट दाबा. म्हणजे कुणीतरी डिलीट दाबत होतं. मी दाबत नव्हते. मिस्टर दाराशी होते.

मशीन बंद करून कीबोर्डची तार काढली आणि पुन्हा सुरू केलं. निळा तक्ता आला नाही. त्याऐवजी मशीनने कळवलं की कीबोर्ड सापडत नाही, पुढे जाण्यासाठी कीबोर्डवरचं अमुक बटण दाबा. सरकारी कचेरीत राहून मशीनलाही वळण लागतं. पण चोर सापडला होता. सकाळपासून सगळे बिचाऱ्या मदरबोर्डला शिव्या घालत होते, म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

कीबोर्डवर प्लास्टिकचं पारदर्शक कव्हर होतं, तेही कसं, अगदी लखलखीत पुसलेलं. ते काढलं. डिलीटचं बटण शेजारच्यांपेक्षा जरासं खाली बसलेलं दिसलं. बोटाने दाबलं तर वर येईना. आमच्याकडे स्क्रूड्रायव्हरला पेचकस म्हणतात. त्यातला बारीक घेतला आणि टोक घालून बटण उचकटलं.

आत एक तांदूळ होता. लाल. कुंकवात भिजवलेला, वाळून बटणाच्या कडेला असा चिकटला होता की बटण दाबलेलंच राहत होतं. मी तो चिमट्याने उचलला.

काकू तेवढ्यात माझ्यासाठी चहा घेऊन आत आल्या. त्यांनी माझ्या चिमट्यातला तांदूळ पाहिला आणि कप टेबलावर ठेवता ठेवता अर्धा बशीत सांडला.

"ही तर माझी अक्षता आहे," त्या म्हणाल्या.

मग सगळं बाहेर आलं. सुट्टीच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीची पूजा म्हणून, काकूंनी कचेरीतल्या सगळ्या हत्यारांची पूजा केली होती. टाईपरायटरची, स्टेपलरची, तिजोरीच्या किल्लीची, आणि सगळ्यात शेवटी कॉम्प्युटरची, कारण आपलं नाव जिच्यातून सुटलं ती यादी त्याच्या पोटात होती. आमच्याकडे पूर्वी तलवारी पुजायचे, आता जे हातात येईल ते पुजतात. हळदकुंकू, झेंडूचं फूल, ओल्या अक्षता. बाई कॉम्प्युटरला मनापासून नमस्कार करून गेल्या होत्या.

"पण काकू, कव्हर काढून कशाला केलीत?"

"बेटा, कव्हरवर पूजा केली तर ती कव्हरची होते, मशीनची थोडीच," काकू म्हणाल्या. "फुलं सगळी उचलली मी. फडक्याने पुसलं पण. आणि मग वरून कव्हर नीट लावून दिलं."

मला हसूच आलं. खरंच आलं. ज्या बाईला वाचवायचं होतं तिनेच दोरी कापली होती, आणि तीही आरती म्हणत. पण काकू हसत नव्हत्या. त्यांनी दाराकडे पाहिलं, मिस्टरांकडे. मग माझ्याकडे. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"राहू दे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "घालून दे परत तो दाणा. माझ्या हातानेच पडला ना तो? म्हणजे देवाच्या मनात मीच जावं असं असेल. मी जाईन रायपूरला. काही ना काही होऊन जाईल. तुमचं नवीन घर आहे, तुझी दुकान आत्ता कुठे चालायला लागली आहे."

बाहेर व्हरांड्यात बडे बाबू कुणाला तरी वायरसची लक्षणं समजावून सांगत होते.

खरं सांगते, मला मोह झाला. मदरबोर्ड गेला असं मी नुसतं म्हटलं असतं तरी चाललं असतं. विकणाऱ्याचा माणूस तेच सांगून गेला होता आणि माझ्या शब्दावर शंका घेणारं त्या इमारतीत कोणी नव्हतं. कुणाला दिसलं नसतं. काकू तर स्वतःच सांगत होत्या. लग्नाला आमच्या दोन वर्षंही झाली नव्हती. रायपूर म्हणजे एक अख्खी रात्र नि दिवस गाडीत, आणि नवीन राज्यात गेलेला माणूस परत कधी येणार ते कुणालाच ठाऊक नव्हतं. तो तांदूळ किती हलका होता! चिमटा सोडला असता तरी पुरे होतं.

पण मग मला त्या बाईचा राग आला. तिचा म्हणजे तिच्या त्या पडेल आवाजाचा. नवरा गेला, ती गप्प. यादीत नाव आलं, ती गप्प. आता हातात आलेलं सोडायला निघाली आणि वर देवाचं नाव. आणि त्याहून राग आला माझा मला, की मी अजून तो चिमटा धरून उभी का आहे.

"काकू," मी म्हटलं, "देवाला यादी बदलायची असती तर तो भोपाळला गेला असता, डिलीटच्या बटणाखाली शिरला नसता. तुमची पूजा चांगली होती, अक्षता जास्त झाल्या, बस्स. चहा घ्या तुम्ही अर्धा."

तांदूळ मी कागदाच्या कपट्यात बांधून त्यांच्या हातात दिला. बटणाची जागा स्पिरिटने पुसली, बटण बसवलं, दोनदा दाबून पाहिलं. टक, टक. छान वर येत होतं. तार जोडली आणि मशीन सुरू केलं. 'टीं' झालं, ती डिलीटची ओळ आली आणि गेली, आणि पडदा शहाण्यासारखा पुढे सरकला. मला माहीतच होतं.

साहेबांनी आत डोकावून "वाह मॅडम, छपवाइए फटाफट" म्हटलं आणि ते गेले. यादी कशी उघडायची, ते मिस्टरांनाच ठाऊक होतं. ते आत आले, खुर्चीवर बसले, फाईल उघडली. मग उठून प्रिंटरपाशी गेले. तो जुना खडखड्या प्रिंटर, कागद नेहमी एका अंगाला ओढणारा. त्यांनी कागदाच्या कडेची भोकं दात्यांवर बसवली, आणि छपाई सुरू झाल्यावर कागद वाकडा जाऊ नये म्हणून त्याच्याखाली तळहात धरून उभे राहिले.

मी त्यांच्याकडे बघत होते. मला त्यांचा इतका अभिमान वाटला की छाती दुखायला लागली, आणि इतका राग आला की वाटलं तो कागद ओढून फाडून टाकावा. निदान एकदा तरी म्हणायचं, मला जायचं नाही. निदान माझ्याकडे बघायचं.

नावं एकेक करून वर येत होती. मग त्यांचं आलं. मी वाचलं. त्यांनीही वाचलं. त्यांच्या तळहातावरून ते नाव सावकाश पुढे सरकलं आणि त्यांचा हात तसाच, कागदाच्या खाली, सपाट.

"सरळ येतंय," ते म्हणाले.

"हो," मी म्हटलं, आणि सामान आवरायला घेतलं. चिमटा ठेवला, स्पिरिटची बाटली ठेवली, पेचकस सापडेना. टेबलावर पाहिला, पिशवी उलटी केली, मशीनच्या मागे पाहिलं, खाली वाकून फरशी चाचपली. काकू माझ्याजवळ येऊन उकिडव्या बसल्या. त्यांनी माझी उजवी मूठ धरली आणि एकेक बोट उघडत तो माझ्याच हातातून सोडवून घेतला.