मी अक्कांना क्षमा केली होती

आमच्या ख्रिस्ती मंडळीत प्रभुभोजनाच्या आधीच्या रविवारी पाळकसाहेब बजावून सांगतात, कुणाशी अबोला असेल, मनात अढी असेल, तर आठवडाभरात जाऊन समेट करून या, मगच भाकरीला हात लावा. लोक जातातही. कुणाच्या दारात कुणी अवघडून उभं दिसलं, की आम्ही समजतो. रीत चांगली आहे हो. पण ती माझ्यासारख्या तोंडाळ बाईच्या हाती पडली की काय होतं, ते सांगते.

माझ्या थोरल्या जावेला मी अक्का म्हणते. माहेर मंद्रूपकडचं, मूलबाळ नाही. सोलापुरात एकाच आवारात आमची दोन बिऱ्हाडं, मोरी सामायिक. सासूबाई त्यांच्याकडे असत. मी एकदा माळशिरसला भाचीच्या लग्नाला गेले होते. त्या दिवशी अक्का दाराला बाहेरून कडी घालून बाजारात गेल्या. तिथं गाववाली कुणी भेटली, बोलत बसल्या. इकडे सासूबाई मोरीकडे जायला उठल्या, त्या घरातच पडल्या आणि दुपारभर फरशीवर तशाच पडून राहिल्या. पुढे महिन्याभरात त्या गेल्या.

हे कुणाला कळलंच नसतं. अक्कांनीच मला सांगितलं, माझा हात धरून, रडत. "ह्यांना बी सांगितलं न्हाय गं. तुलाच सांगते."

मी हात सोडवून घेतला आणि वर्षभर त्यांच्याशी बोलले नाही.

मग तो प्रभुभोजनाच्या आधीचा आठवडा आला. अक्कांचं दार माझ्या दारापासून सात पावलांवर. तेवढं जायचं आणि "चुकलं, अक्का" म्हणायचं. पण मी शाळेत मास्तरीण, चार लोकांपुढं बोलायची सवय. उपासनेत साक्षीची, म्हणजे देवानं आपल्यात काय केलं ते उठून सांगायची, वेळ झाली तशी मी उभी राहिले. म्हणाले, देवानं मला क्षमा करायला शिकवलं, मी माझ्या जावेला क्षमा केली आहे. आणि कशाबद्दल, तेही सांगितलं. कडी, बाजार, फरशी, सगळं. खोटं कशाला बोलू, बोलताना मला गोड वाटत होतं. बाया डोळ्यांना पदर लावत होत्या. पुरुषांच्या बाजूला थोरले दीर बसले होते. त्यांनी मान वळवून अक्कांकडे बघितलं.

त्यानंतर अक्का उपासनेला आल्या नाहीत. दीर दोन वर्षं जगले, तोवर बायकोशी कामापुरतंच बोलले. भिंतीपलीकडची ती शांतता मी रोज ऐकत होते. जाऊन काय सांगणार होते मी त्यांना? आईबद्दल सांगितलेलं थोडंच परत घेता येतं?

गेल्या वर्षी अक्कांच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी घरीच न्या म्हटलं. मंडळीतल्या बायकांनी वार वाटून घेतले. कुणी पेज करून न्यायची, कुणी अंग पुसायची. पाळकीणबाईंनी मला गुरुवार दिला. "तुम्ही तर घरच्याच," म्हणाल्या.

बुधवारपर्यंत अक्का सगळ्यांच्या हातचं घ्यायच्या, थट्टाही करायच्या. गुरुवारी भिंतीकडे तोंड. पेज नको, पाणी नको. ओठांना भेगा पडलेल्या, तरी नको. चमचा घेऊन मी तासन्‌तास बसायचे. कधी राग यायचा, वाटायचं, मरणाच्या दारात बाई, आणि केवढा हा ताठा! मग माझीच मला लाज वाटायची.

एका गुरुवारी न राहवून मी त्यांचे पाय धरले. "अक्का, मला माफ करा. माझं चुकलं."

त्या वळल्या. किती दिवसांनी नजरेला नजर दिली. "हितं कशाला म्हणतीस? हितं कोण हाय ऐकायला? तितं म्हण की, मंडळीत."

बरोबरच होतं त्यांचं. त्या रविवारी मी पुन्हा साक्षीला उभी राहिले. म्हणाले, विश्वासानं सांगितलेली गोष्ट मी चव्हाट्यावर मांडली, ती क्षमा नव्हती, तो सूड होता, मी अपराधी आहे. बोलून खाली बसले आणि जीव हलका झाला. कुणीतरी मोठ्यानं आमेन म्हटलं. बाहेर आल्यावर बायांनी मला गराडा घातला. केवढी नम्रता, अशी साक्ष ऐकलीच नाही, असं मन पाहिजे! पाळकसाहेबांनी तर पुढच्या उपदेशात माझा दाखलाच दिला. अहो, मी काय सांगितलं आणि यांनी काय ऐकलं! मी "नको, नको" म्हणत राहिले, तर तेही नम्रतेतच जमा झालं. अक्कांचं नाव कुणीच काढलं नाही.

गुरुवारी गेले, तर अक्कांना आधीच कळलं होतं.

"तुझं लई कौतुक झालं म्हणं," त्या म्हणाल्या. आवाजात रागही नव्हता. मग भिंतीकडे वळल्या.

पाण्याचा तांब्या तसाच हातात घेऊन मी अंगणात येऊन रडले. शेजारची तेलुगू मावशी, आमच्या मंडळीतली नव्हे, काही न विचारता माझ्या हातातला तांब्या घेऊन आत गेली.

आता गुरुवार असाच चालतो. मी पहाटेच त्यांची अंथरुणं, लुगडी काढून मोरीत नेते, धुते. पेज करते आणि चुलीपाशी झाकून ठेवते. मग मावशीला हाक मारते. ती तांब्या घेऊन आत जाते, की अक्का आधी विचारतात, "गेली का ती?"

"गेली की," मावशी सांगते.

मी मोरीत उकिडवी बसलेली असते, बादलीतला हात तसाच पाण्यात. मग अक्का पाणी पितात. रात्रीपासूनची तहान असते, घटाघटा पितात, मला तिथवर ऐकू येतं.