लाल कापडाचं टोक

वहिनींच्या वहीतली नोंद: "१२ नोव्हेंबर, बुधवार. सकाळी गारठा. चादरी धुतल्या, दुपारपर्यंत वाळल्या. वन्संना घरी यायला उशीर झाला, पण हसत आल्या."

वन्सं म्हणजे त्यांची नणंद. वहिनींचे यजमान गेल्यापासून दोघी एकत्र राहत. वन्सं कापड तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होत्या. रंगवलेल्या कापडाचा अर्क काढून त्या यंत्रात सोडत. यंत्र त्याची वाफ करी आणि ती केसासारख्या बारीक, लांबलचक नळीतून पुढे ढकली. प्रत्येक पदार्थ आपापल्या वेळेला बाहेर पडे, आणि पडद्यावरच्या सपाट रेघेत त्याचं उंच टोक उमटे. मनाई असलेल्या द्रव्याचं टोक दिसलं की माल बाद.

त्या दिवशी एका रंगाऱ्याच्या लाल कापडात नेमकं तेच टोक उमटलं. लहान मुलांच्या कपड्यांसाठी रंगवलेला अख्खा माल फेकायची पाळी. रंगारी बाहेर बाकावर बसून होता.

"बाई, लिहा की 'नापास'," साहेब म्हणाले. "टोक बघा, कसं सलाम ठोकत उभं आहे!"

"जरा नीट बघू द्या."

"उगीच नाही तुम्हाला चाळणी म्हणत."

"तोंडावर म्हणणारे तुम्ही एकटेच, साहेब."

वन्संच्या मनात पाल चुकचुकत होती. रंगाची काही वाफ होत नाही, म्हणून अर्क आधी पांढऱ्या भुकटीतून गाळून रंग मागे ठेवायचा. तो त्यांनी गाळला होता, पाण्यासारखा दिसेपर्यंत. पण सकाळपासून गडद कापडांचीच रांग लागली होती. ज्यात भिजवून अर्क काढतात ते द्रावक, कापडाचा लवलेश नसलेलं, त्यांनी नुसतंच यंत्रात सोडलं. तेच टोक!

यंत्र निवल्यावर त्यांनी त्याच्या तोंडाशी बसवलेली काचेची छोटी नळी काढली. आतून करपलेल्या कढईसारखी. गडद कापडांनंतर ती बदलायची असते. अर्क स्वच्छ दिसतोय म्हणून त्यांनी बदललीच नव्हती. गाळूनही उरलेला रंग तिथे साचत गेला, तापून फुटत राहिला आणि हे टोक उभं करत राहिला.

"साहेब, चूक माझी. कापडाची नव्हे."

नवी नळी बसवली. आधी द्रावक सोडलं: रेघ सपाट. मग लाल कापडाचा अर्क. टोकाची वेळ आली तशी गेली, रेघ हलली नाही.

रंगारी बाकावरून उठून दारात आला होता. "बाई, बुडालो की तरलो?"

"तरलात. मीच बुडवत होते तुम्हाला."

"सकाळपासून माझा चेहरा पांढरा पडलाय. तोही तपासून घ्या एकदा!"

साहेबांनासुद्धा हसू आवरेना.

घरी हे सगळं ऐकून वहिनी म्हणाल्या, "म्हणजे बोटाएवढ्या नळीनं दिवस खाल्ला?"

"खाल्ला. आणि मला उपाशी ठेवलं. वाढा आता, वहिनी."

जेवणानंतर वहिनींनी त्या नोंदीखाली आणखी एक ओळ लिहिली: "भाजी सकाळसाठी उरली नाही."