कॉम्रेडचा निरोप समारंभ

माझे सासरे बँकेत होते. तिथे त्यांनी काम किती केलं आणि दारात उभं राहून भाषणं किती ठोकली, हा आमच्या घरातला जुना वाद आहे. युनियनचे सेक्रेटरी होते ते. सकाळी कामाला लागायच्या आधी बँकेच्या दाराशी सगळ्यांना गोळा करायचं आणि दहा मिनिटं तावातावाने बोलायचं, याला ती मंडळी गेट मीटिंग म्हणत. रिटायर झाल्यावर गेट सुटलं, सवय कसली सुटतेय! सासूबाई होत्या तोवर त्या ऐकायच्या. म्हणजे शब्दाशब्दाला आडव्या जायच्या, पण ऐकायच्या. त्या गेल्या आणि पुण्याच्या फ्लॅटमध्ये बाबांना बोलायला भिंती उरल्या. मग आम्ही त्यांना इकडे सिंगापूरला, बुकित बातोकच्या आमच्या घरी घेऊन आलो.

पण इथे तरी बोलणार कुणाशी? नवरा उजाडायच्या आत तुआसच्या कारखान्यांकडे जाणारी कंपनीची बस पकडतो. मुलीला मराठीत काही विचारलं की उत्तर इंग्रजीत येतं, शेवटी इथल्या लोकांसारखं 'ला' लावून. आमच्या इमारतीखाली बसणारे चिनी आजोबा बाबांकडे बघून हसायचे, बाबा त्यांच्याकडे बघून हसायचे, झालं संभाषण. आमची मराठी मंडळी भेटली की विषय ठरलेले: शाळा, पीआर म्हणजे इथे कायम राहायचा परवाना, आणि कोवळी भेंडी कुठे मिळते. एकदा गणपतीच्या जेवणात बाबांनी कामगार कायद्याचा विषय काढला, तर शेजारी बसलेला माणूस मठ्ठा आणायला म्हणून उठला तो परत आलाच नाही. "तुमच्या सिंगापुरात लोक पोटभर जेवतात, पण भांडत नाहीत गं," बाबा घरी आल्यावर म्हणाले. त्यांचं कायम असंच असे. तुमचं सिंगापूर, तुमची लिफ्ट, तुमचा पाऊस.

शेवटी नवऱ्याने त्यांच्या फोनवर जगभरची रेडिओ स्टेशनं लागतील असं एक अ‍ॅप टाकून दिलं. दुसऱ्याच दिवशी सकाळी हॉलमधून "बरोब्बर!" अशी आरोळी आली. मला वाटलं कुणी पाहुणा आला की काय! बघते तर बाबा फोनसमोर उभे. अमेरिकेतलं टॉक रेडिओ स्टेशन होतं, तिकडच्या उदारमतवादी लोकांचं. गाणी नाहीत, नुसतं बोलणं. एक खरखरीत आवाजाचा म्हातारा कामगारांच्या पगारावर, हॉस्पिटलच्या बिलांवर, युनियन फोडणाऱ्या मालकांवर तोंडाचा पट्टा सोडत होता आणि लोक फोन करून त्याच्याशी भांडत होते. त्याचा कार्यक्रम तिकडच्या संध्याकाळचा, म्हणजे इथल्या सकाळचा. "अगं, हा तर आपल्यातला निघाला!" बाबा म्हणाले आणि त्याचं नाव त्यांनी कॉम्रेड ठेवून टाकलं. सकाळी सकाळी या आवाजाने मुलगी कावली, तेव्हा दुसऱ्या दिवसापासून बाबांनी कानात इअरफोन घातला.

मंगळवार ते शनिवार, सकाळी सातला कॉम्रेड. तिकडे शनिवार-रविवार सुट्टी, म्हणजे इकडे रविवारी-सोमवारी बाबांचा उपवास. जाहिराती लागल्या की ते स्वयंपाकघरात यायचे. "म्हणतोय काय, की नर्सबायकांनी संप केला ते योग्यच केलं. आता यात माझा एक मुद्दा आहे..." मी पोळी लाटत "हं" म्हणायचे. मग मी ऑफिसला निघाले की तेही चप्पल घालायचे आणि एमआरटीपर्यंत, म्हणजे इथल्या मेट्रोच्या स्टेशनपर्यंत यायचे. एका कानात कॉम्रेड, दुसरा कान माझ्यासाठी मोकळा. तो काय म्हणाला, फोन करणारा काय म्हणाला, दोघांचं कुठे चुकलं आणि बाबा असते तर काय म्हणाले असते, हे सगळं चालता चालता. मी कार्ड लावून गेटच्या आत जायचे तरी ते पलीकडून बोलतच असायचे. "बाबा, ट्रेन!" "एक शेवटचा मुद्दा!" शेवटचे मुद्दे किमान तीन तरी असत. लोक वळून बघायचे. मला लाज वाटायची, रागही यायचा, आणि माझं वन-नॉर्थ स्टेशन येईपर्यंत मी मनातल्या मनात त्यांच्या दुसऱ्या मुद्द्याला उत्तर देत असायचे.

एक सांगते. माझे स्वतःचे वडील फार कमी बोलायचे. त्यांना काय वाटतं ते आम्हाला आईच्या तोंडून कळायचं. त्यामुळे एक वडीलधारा माणूस रोज सकाळी आपलं सगळं मन माझ्यापुढे मोकळं करतोय, हे मला नवं होतं. आवडत होतं मला ते.

पहिल्या वर्षी नोव्हेंबरात मोठा गोंधळ झाला होता. बाबांनी सातला रेडिओ लावला तर भलतीच बाई बोलत होती. "कॉम्रेडला काढला!" म्हणून त्यांनी घर डोक्यावर घेतलं. मी तुआसला फोन लावून दिला, तेव्हा नवऱ्याने समजावलं की थंडी आली की अमेरिकेतले लोक घड्याळ एक तास मागे घेतात, म्हणून तिकडचा कार्यक्रम इथे एक तास उशिरा ऐकू येणार. आठच्या ठोक्याला कॉम्रेड हजर! बाबा लहान मुलासारखे खूश झाले. "घड्याळ फिरवल्याने कोंबडा फसतो का रे?" असं म्हणत त्यांनी ती गोष्ट भेटेल त्याला सांगितली. तेव्हापासून अमेरिकेच्या घड्याळाबाबत आमच्या घरात त्यांचा शब्द शेवटचा.

म्हणूनच या नोव्हेंबरात त्यांना शंका आली नाही. आदल्या आठवड्यात स्टेशनवर सारखी जाहिरात लागत होती: सोमवारपासून नव्या वेळा, नवे आवाज. "ते घड्याळाचंच सांगतायत," बाबांनी मला समजावलं. मीही मान डोलावली. मंगळवारी सातला दुसराच आवाज आला, तर स्वारी निवांत. स्वतः चहा केला, मला दिला. मला लवकर मीटिंग होती, तरी गेटपर्यंत सोडायला आले. "तू जा. आठला येईल तो," म्हणाले.

साडेआठच्या सुमारास माझा फोन वाजला. बाबा मला ऑफिसात कधीच फोन करत नाहीत. "सूनबाई, तो आला नाही गं."

"येईल, बाबा. सुट्टीवर असेल."

"नाही. दुसरीच दोन पोरं बोलतायत. नवीन कार्यक्रम म्हणाली. हसतात फार." आणि त्यांनी फोन ठेवला.

मी तिथेच स्टेशनचं पान उघडून बघितलं. नव्या वेळापत्रकात सगळ्यांचे हसरे फोटो. दुपारचे संध्याकाळी, संध्याकाळचे रात्री, दोन तरुण नवे. कॉम्रेडचा फोटो कुठेच नव्हता, तळाशी एका ओळीत आभार होते. त्या धंद्यात म्हणे जाणाऱ्याला शेवटचा कार्यक्रम करूच देत नाहीत, माईकवर काही बोलून बसेल म्हणून. संध्याकाळी मी हे बाबांना सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "निरोपाचं भाषणसुद्धा करू दिलं नाही?"

"नाही, बाबा."

"इतकी वर्षं बोलला माणूस. शेवटची दोन मिनिटं नाही मिळाली?" ते उठून आत गेले.

मग घर गप्प झालं. सकाळी बाबा गेटपर्यंत येईनात. गुडघा दुखतोय म्हणाले. गुरुवारी जेवताना, भातावर आमटी घेता घेता, सहज बोलल्यासारखं म्हणाले, "माझा व्हिजिट पास संपत आलाय ना? यंदा वाढवू नका. मी पुण्याला जाईन म्हणतो."

"बाबा, एका रेडिओसाठी?" नवरा म्हणाला.

"रेडिओचं कोण बोललं? घर किती दिवस बंद ठेवायचं?"

बँकेतल्या निरोप समारंभात मिळालेली शाल आमच्या हॉलमधल्या त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर कायम टाकलेली असे. एसी लावला की पांघरायचे. शुक्रवारी सकाळी खुर्ची उघडी होती आणि शाल त्यांच्या बॅगेत होती. मी नवऱ्यावर जाम उखडले. "तिथे घर खायला उठेल त्यांना!" तो बिचारा म्हणाला, "दुसरं स्टेशन लावून देऊ ना." कपाळ माझं! माणूस काय आंघोळीचा साबण आहे, हा संपला की दुसरा काढा? पण मी तरी काय करत होते? राजकारणावर मी बाबांशी वाट्टेल तसं भांडायचे. 'जाऊ नका' एवढे दोन शब्द मात्र तोंडातून निघत नव्हते. सासऱ्यांना असं काही म्हणायची आपल्यात रीत कुठे असते?

त्या संध्याकाळी बाबा कोपऱ्यावरच्या भारतीय दुकानातून नारळ घेऊन आले. "उद्या सकाळी सातला कॉम्रेडचा निरोप समारंभ," त्यांनी जाहीर केलं. "आपल्यात माणसाला असं हात हलवत पाठवत नाहीत." नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी मानेनेच सांगितलं, करू दे.

शनिवारी नवरा अध्यक्ष झाला. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला. खुर्चीवर फोन उभा केला, त्यावर कॉम्रेडचा जुना फोटो. बॅगेतून शाल काढून फोनभोवती गुंडाळली आणि पुढे नारळ ठेवला. मला राहवलं नाही. "अगं बाई! बाबा, हे तेराव्यासारखं दिसतंय. तो माणूस धडधाकट जिवंत आहे हो!"

बाबांनी बघितलं आणि त्या आठवड्यात पहिल्यांदा खो खो हसले. "खरंय. सत्काराला जिवंत माणूस लागतो. ये, तू बस."

"मी?"

"रोज तूच ऐकलंस ना त्याचं? त्याच्या वतीने बस."

बसले. बाबा समोर उभे राहिले, चष्मा सारखा केला आणि बोलायला लागले. अध्यक्ष महाराज, सत्कारमूर्ती, कार्यकर्ते. कार्यकर्ती म्हणजे सोफ्यावर नाइट ड्रेसमध्ये पेंगणारी आमची मुलगी. कॉम्रेडने गरिबाची बाजू कधी सोडली नाही, विरोधकाचा फोन कधी मध्येच कापला नाही, असं ते छान बोलत होते. मग आवाज खाली आला. "निरोप न घेता माणूस गेला की मागच्याला फार जड जातं. आमच्या हिचंही तसंच झालं. मी दुपारी मीटिंगला गेलो तेव्हा कपडे वाळत घालत होती. परत आलो तर... सांगायचं हेच, की या मित्राला आम्ही तसं जाऊ देणार नाही." मला शाल पांघरली, हातात नारळ दिला.

"आता सत्कारमूर्ती सत्काराला उत्तर देतील," ते म्हणाले.

"बाबा, मला नाही जमत ते."

"उत्तर द्यावंच लागतं. कॉम्रेड काय म्हणाला असता ते सांग."

"आई, जस्ट से थँक यू ला," सोफ्यावरून सल्ला आला.

मी उभी राहिले. "मित्रहो," म्हटलं, "बुकित बातोकमध्ये मला कुणी ऐकत होतं हे मला ठाऊक नव्हतं." इथपर्यंत कॉम्रेडसारखं जमलं. पुढे नाही जमलं. "बाबा, खरं सांगू? मी कॉम्रेडला कधी ऐकलंच नाही. पहिल्या दिवशी दोन मिनिटं ऐकला असेल, तेवढाच. इअरफोन तुमच्या कानात होता. मी ऐकलं ते तुमचं. घरापासून गेटपर्यंत रोज तुमचंच. तिकडे त्यांनी कुणाला काढलं, कुणाला घेतलं, मला काय त्याचं! पण माझा कार्यक्रम तुम्ही बंद करताय, आणि तोही गुडघ्याचं कारण सांगून. पुण्याला जाऊ नका, बाबा. मला करमणार नाही." आणि मी नारळ पोटाशी धरून भोकाड पसरलं, चारचौघींसारखं.

बाबांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. मग घसा खाकरून नवऱ्याकडे वळले. "अध्यक्ष महाराज, सभेपुढे मागणी आलेली आहे."

"मान्य करा ना, बाबा," नवरा म्हणाला.

"अशी लगेच मान्य करायची नसते. आधी चर्चा होते." माझ्या हातातून नारळ घेऊन ते स्वयंपाकघरात गेले. आतून फोडल्याचा आवाज आला. वाटीत खोबऱ्याचे तुकडे घेऊन बाहेर आले, पहिला मला दिला. शाल माझ्या खांद्यावरून काढून नीट घडी केली आणि खुर्चीच्या पाठीवर टाकली. "त्या पासचं काय ते बघ रे," ते मुलाला म्हणाले.

मंगळवारी मी निघाले तर बाबा दारात चप्पल घालून तयार. कान दोन्ही मोकळे. रस्ता ओलांडला तसं मीच विचारलं, "आज विषय काय?"

"घड्याळाचा," ते म्हणाले. "दरवर्षी मागेपुढे करत बसतात, आणि त्या गडबडीत एखादा माणूस हरवला तरी कळत नाही. आपल्याकडे इथे बरं आहे. घड्याळ आहे तिथेच असतं."

आपल्याकडे, म्हणाले. मी गेटशी कार्ड हातात घेऊन तशीच उभी राहिले. मागचा माणूस "एक्सक्यूज मी" म्हणाला, तेव्हा कुठे आत गेले. वरती ट्रेन आल्याचा आवाज झाला.

"सूनबाई, एक शेवटचा मुद्दा!" पलीकडून हाक आली.

मी ट्रेन जाऊ दिली.